रोझेलाची पट्टी

रोझेला टिब्स गेल्या मार्चमध्ये वारली. अंत्यविधीच्या पत्रिकेत तिची माहिती अर्ध्या पानात बसवली होती. मॅरिडेल्स या तीन मुलींच्या गटाचं नाव, पुढे तिच्या एकटीच्या गाजलेल्या चार गाण्यांची नावं, वर्षं, सगळं बरोबर होतं. शेवटी लिहिलं होतं की १९७१ च्या ऑक्टोबरात आपल्या चर्चमध्ये गाताना तिच्यावर पवित्र आत्मा उतरला आणि ती सकाळ मंडळी अजून विसरलेली नाही. ते तसं झालं नव्हतं. हे सांगू शकेल असा आता मी एकटाच उरलो आहे, म्हणून लिहितो आहे. मला लिहायची सवय नाही. चुकलं तर वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं.

डेट्रॉईटच्या पूर्व भागात आमचं चर्च. आठवडाभर मी मोटारीच्या कारखान्यात दारांना बिजागऱ्या बसवायचो आणि रविवारी पियानो वाजवायचो. १९५८ साली रोझेला तेरा वर्षांची होती. अर्नेस्टीन आणि नॅडीन या गॅड्सडेन बहिणी आणि ती, अशा तिघी शनिवारी चर्चच्या तळघरात बॉयलरशेजारी माझ्याकडे सराव करायच्या. रोझेलाची पट्टी काळी चार. तिथून ती वर जायची तेव्हा मला हाताखालच्या पट्ट्या दिसेनाशा व्हायच्या. बहिणी तिच्या दोन्ही बाजूंनी सूर धरायच्या, आणि अर्नेस्टीन मध्येच म्हणायची, "हिला खाली उतरव कोणीतरी, आम्हाला पण घरी जायचंय."

रोझेलाची आई अल्मिडा टिब्स एका इस्पितळाच्या धुलाईखान्यात काम करायची. रविवारी मात्र ती चर्चच्या दारावरच्या सेविकांची प्रमुख असायची. पांढरा झगा, पांढरे बूट, पांढरे हातमोजे, डावा हात पाठीमागे. गाणं कितीही रंगलं तरी सेविकेने जागा सोडायची नाही. कोणी भारावून कोसळलं, तर पंखा आणि रुमाल घेऊन तिनेच आधी पोचायचं.

१९६२ साली व्हिटलो नावाच्या गृहस्थाने तिघींना ऐकलं आणि त्यांची तबकडी काढली. उन्हाळ्यात प्रत्येक न्हाव्याच्या दुकानातून ते गाणं ऐकू येत होतं. आमच्याकडे जुना नियम होता: जो चर्चबाहेर, जगासाठी गाईल त्याने गायकवृंदात उभं राहायचं नाही. परत यायचं असेल तर सगळ्यांसमोर पुढच्या बाकावर बसून क्षमा मागायची. मुली हसल्या. अल्मिडा रागावली नाही. ती एवढंच म्हणाली, "गळा देवाने दिलाय. मी तो देवाच्या घरात ऐकेन. बाकी कुठं मला बोलावू नकोस."

तिने नऊ वर्षं तो शब्द पाळला.

तीन वर्षांनी तबकडीवर रोझेलाचं नाव मोठं झालं आणि मॅरिडेल्स हा शब्द बारीक. मग एक दिवस अर्नेस्टीन केस सरळ करून घ्यायला बसली होती, रेडिओवर त्यांचं नवं गाणं लागलं, आणि तिच्या लक्षात आलं की मागचे आवाज त्यांचे नाहीत. व्हिटलोने भाड्याच्या गायिका आणून काम उरकलं होतं, आणि रोझेलाला सांगितलं होतं की बहिणींना वेळ नाही. रोझेलाने ते खरं मानलं, किंवा मानायचं ठरवलं. अर्नेस्टीन चर्चमध्ये सगळ्यांना सांगत फिरली, "मागे उभं राहून 'ऊ' म्हणायला सुद्धा आमच्यापेक्षा शिकलेल्या बायका लागतात म्हणे." लोक हसले, तीही हसली. मग ती मोटारीच्या बैठकांची कव्हरं शिवायच्या कारखान्यात लागली. नॅडीन लग्न करून क्लीव्हलँडला गेली.

रोझेला एकटीने मोठी झाली. वर्षाला दोनशे रात्री, कधी एका दिवसात तीन खेळ. तिने आईला विटांचं घर घेऊन दिलं. अल्मिडा तिथे राहायला गेली, पण दिवाणखान्यातल्या ग्रामोफोनवर तिने जाळीचं कापड घातलं आणि वर कुंडी ठेवली. मुलगी घरी आली की रश्शातली कोंबडी, पालेभाजी, मक्याची भाकरी. कुठे झोपतेस, कपडे कोण धुतं, सगळं विचारायची. गाण्याचं अक्षर नाही.

एकदा रोझेला माझ्या स्वयंपाकघरात बसली होती. म्हणाली, "तीन हजार माणसं उभी राहतात, ब्रदर होसिया. आणि माझी नजर न आलेल्या एका बाईला शोधत असते."

मी म्हटलं, मग बस की एकदा पुढच्या बाकावर.

"क्षमा कसली मागू? ती राहते ते घर त्याच गाण्यावर उभं आहे. आणि मी खोटं बोलले तर तिला पहिल्या शब्दाला कळेल."

पण एक वाट होती, आणि ती आम्हा दोघांना माहीत होती. प्रवचनाआधी साक्षीची वेळ असते. कोणीही उठावं, देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगावं आणि एखादं भजन उचलावं. त्याला कोणी अडवत नाही. गाणारा आपल्या सुरात सुरू करतो. पियानोवाल्याने दोन-तीन शब्द ऐकायचे, पट्टी ओळखायची आणि हळूच खालून यायचं. सगळं काम एवढंच.

१९७१ च्या सप्टेंबरात तिचा शिकागोहून फोन आला. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी येते, आईला सांगू नका. भजन कोणतं तेही सांगितलं, लहानपणचंच. शेवटी म्हणाली, "तुम्ही फक्त माझ्या मागून या." मी हो म्हटलं. आनंदात मी ते धड ऐकलंही नसेल.

त्या रविवारी ती साध्या निळ्या झग्यात मधल्या रांगेत बसली. अल्मिडा दाराशी उभी होती. साक्षीची वेळ झाली, रोझेला उठली, आणि सगळ्या चर्चमधले हातपंखे थांबले. ती म्हणाली, देवाने मला आई दिली, एवढीच माझी साक्ष आहे. तिने श्वास घेतला.

आणि मी वाजवायला सुरुवात केली. तिच्या आधी. काळी चार. मला वाटलं, तिच्यासाठी दार उघडून धरतो आहे. तिने माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी कृतज्ञतेची समजलो.

पहिली ओळ तिने कशीबशी धरली. दुसऱ्या ओळीत सूर वर जातो, तिथे तिचा आवाज फाटला. ती थांबली, पुन्हा वर गेली, पुन्हा फाटला. आमच्याकडे गाताना आवाज फुटला की लोक समजतात, माणूस बाजूला झाला आणि आत्मा बोलू लागला. "सावकाश, पोरी, सावकाश," म्हणत म्हाताऱ्या उठल्या. टाळ्या सुरू झाल्या. पाळकांनी दोन्ही हात वर केले. मीही रडत होतो आणि आणखी जोरात वाजवत होतो. ती जितकी मोडत होती तितकं चर्च पेटत होतं.

अल्मिडा जागेवरून निघाली. नियमाप्रमाणे पंखा घेऊन आली, मुलीला धरून बसवलं, वारा घातला, कानाशी काहीतरी बोलली. आम्हाला वाटलं, आशीर्वाद दिला.

नंतर तळघरात जेवण होतं. जो तो रोझेलाला मिठी मारत होता. पाळक म्हणाले, क्षमेची गरजच उरली नाही, पुढच्या रविवारपासून गायकवृंदात ये. ती नुसती हसली. मी ताट घेऊन अल्मिडाजवळ बसलो, वाटलं, आज ही मला चार चांगले शब्द बोलेल. तिने हातमोजे काढून मांडीवर ठेवले होते.

"होसिया," ती हळू म्हणाली, "माझ्या पोरीचा गळा गेलाय. इतक्या माणसांत कुणालाच ऐकू आलं नाही? तुला पण नाही?"



फेब्रुवारीत अल्मिडा झोपेतच गेली. अंत्यविधीत रोझेला पुढच्या बाकावर बसून राहिली. अर्नेस्टीन गायली. लोक म्हणाले, दुःखाने रोझेलाच्या तोंडून सूर निघत नाही. पुढच्या वर्षी तिच्या तबकड्या निघायच्या बंद झाल्या. ती विटांच्या घरात परत आली आणि एका दातांच्या डॉक्टरकडे फोन घ्यायच्या नोकरीला लागली. चोवीस वर्षं ती नोकरी केली. अर्नेस्टीन शुक्रवारी तिच्याकडे पत्ते खेळायला जायची. मागच्या आवाजांचा विषय दोघींनी कधी काढला की नाही, मला माहीत नाही.

मी विचारायला पंचवीस वर्षं लावली. एका दुपारी तिच्या ओट्यावर बसलो होतो. म्हटलं, त्या दिवशी माझं काय चुकलं?

तिने टाळलं नाही. घशात गाठी झाल्या होत्या. डॉक्टरने सहा महिने गप्प राहायला सांगितलं होतं आणि व्हिटलोने कार्यक्रमांच्या तारखा घेतल्या होत्या. वरचा आवाज उन्हाळ्यातच गेला होता. पण खाली, पांढरी चारमध्ये, एक भजन निभेल एवढा गळा शिल्लक होता. हॉटेलच्या खोलीत तीन आठवडे ती ते एकच भजन त्या पट्टीत बसवत होती, तोंडावर टॉवेल धरून.

"तू मला थांबवायचं होतंस," मी म्हणालो.

"आईसमोर? तुम्ही किती खुशीत होता. म्हटलं, जमेल. मला तेव्हा वाटायचंच, सगळं जमतं."

आईने कानात काय म्हटलं, ते मी विचारलं.

"'बस आता, बाळा. घरी जाऊ.'"

मग मी धीर करून म्हटलं, ते भजन तुझ्या त्या खालच्या पट्टीत मला एकदा ऐकव. पियानो नको, काही नको. मी नुसता ऐकतो.

तिने माझ्या हातावर हात ठेवला.

"नको, ब्रदर होसिया. ते तिच्यासाठी बसवलं होतं," ती म्हणाली, आणि माझा कप घेऊन आत गेली.