बाईंची पांढरी चार

बाई बैठकीत नेहमी मागे, दाराजवळ बसायच्या. आणि बोलणारा कुणीही असो, सगळ्यांच्या माना दाराकडे वळलेल्या असायच्या. हे मला पहिल्या दिवसापासून झोंबलं. स्पष्टच लिहितो, अजूनही झोंबतं.

त्या घोडेगावला मुलींच्या शाळेत गाणं शिकवायच्या. मी ओतूरला पेटीचे क्लास घ्यायचो आणि पत्रकं काढायचो. शाळा संगीत शिक्षकाची जागा भरत नाहीत, प्रार्थना पीटीच्या मास्तरांच्या गळ्यात मारतात आणि आमची आठवण फक्त गॅदरिंगला होते, ही माझी चीड. जुन्नर आणि आंबेगाव, दोन्ही तालुक्यांतल्या संगीत शिक्षकांचा संघ काढायची कल्पना माझी. घटनाही मीच लिहिली : अध्यक्ष, उपाध्यक्ष, दोन चिटणीस, कार्यकारिणी. अध्यक्षाच्या नावाची जागा कोरी ठेवली होती, पण ते नाव कुणाचं हे मला पक्कं ठाऊक होतं.

पहिल्या बैठकीत मी ती घटना खड्या आवाजात वाचली. बाईंनी शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "छान आहे हो सर. पण यात गाणार कोण?"

सगळे हसले. माझे कान तापले.

मग प्रार्थनेवरून भांडण पेटलं. मी सवयीने पेटीवर काळी एकचा, पुरुषांच्या खालच्या पट्टीचा सूर दिला, तर मंचरच्या एक शिक्षिका उसळल्या, "एवढ्या खाली आमी बायांनी काय विहिरीत उतरून गायचं?" नारायणगावचे तबलामास्तर म्हणाले, "मग तुमच्या पट्टीत आमी झाडावर चढून गावं व्हय?" प्रार्थना राहिली बाजूला, जुन्नर विरुद्ध आंबेगाव सुरू झालं. बाईंची स्वतःची पट्टी पांढरी चार, बायकांच्या गळ्याची, वरची. ती त्यांनी पुढे केलीच नाही. म्हणाल्या, "ज्याच्या घरी बैठक, त्याची पट्टी. आणि त्या दिवसापुरता अध्यक्षही तोच."

एका वाक्यात माझी खुर्ची गावोगाव वाटली गेली. भीमाशंकरच्या वाटेवरच्या वाडीत भजन शिकवणारे दगडूबुवा, सभेत कधी तोंड न उघडलेले, तेही अध्यक्ष झाले! "लई भारी वाटतंय राव," एवढंच भाषण केलं आणि पेटी उघडली. टाळ्या मात्र माझ्या कुठल्याही भाषणाला पडल्या नसतील एवढ्या.

दुसऱ्याचा विद्यार्थी त्याला विचारल्याशिवाय घ्यायचा नाही, हा नियमही बाईंचाच. माझी सगळ्यात गुणी विद्यार्थिनी माझा क्लास सोडून त्यांच्याकडे गेली, तेव्हा तिला घेऊन बाई एसटीने ओतूरला माझ्या दारात आल्या. "ही तुमची. तुम्ही सोडलीत तर घेईन." पोरगी जमिनीकडे बघत उभी. घेऊन जा म्हणालो. त्यांनी ती पळवली असती तर बरं झालं असतं. निदान पत्रक तरी काढता आलं असतं.

पुढे बाई वारल्या. त्यानंतरची बैठक माझ्याकडेच होती. संघाला आता कायमचा अध्यक्ष हवा, असं मी मांडलं. कुणी वाद घातला नाही. मी अध्यक्ष झालो. इतकी वर्षं जे हवं होतं ते चहा यायच्या आत मिळालं.

प्रार्थनेसाठी मी काळी एक दाबली. कुणी गाईना.

दगडूबुवा म्हणाले, "सर, आज पांढरी चार धरा."

"नियम काय आहे बुवा? घर माझं आहे."

"व्हय. म्हणून तर तुमाला इचारतोय."

मी पांढरी चार धरली. तबलामास्तरांच्या गळ्याच्या शिरा फुगल्या, पण थांबलं कुणीच नाही. वरच्या 'सा'ला माझा आवाज फाटला आणि मी तोंड मिटलं. पेटीचा भाता मात्र मारत राहिलो. थांबलो असतो, तर बाईंचा सूर माझ्या घरात तुटला असता.