राजापूर मतदारसंघातलं एक बाद मत

हसणार नसाल तर सांगतो. जाऊ द्या, हसणारच तुम्ही. फक्त हातातला चहा तेवढा सांभाळा!

आमचा लोकसभेचा राजापूर मतदारसंघ आता राहिला नाही, नव्या आखणीत गेला. त्याचा इतिहास कुणी लिहिला तर मोठमोठ्या पुढाऱ्यांची नावं येतील, माझं कशाला येतंय? पण त्या मतदारसंघाच्या कागदावर माझं नाव एकदा ठसठशीत उमटलं होतं हो! तेही माझ्याच हातानं!

बासष्टची निवडणूक. मी जामसंड्याचा, कट्टा नावाच्या बाजारगावाजवळच्या एका खेड्यात शाळामास्तर. वय पंचवीस, लग्न व्हायचं होतं. गावातल्या भाऊंची मुलगी मनात भरलेली. धीर करून भाऊंना सुवाच्य अक्षरात मागणीचं पत्रही लिहिलं होतं.

भाऊ एका पक्षाचे कट्टर कार्यकर्ते. (चिन्ह विचारू नका, गावात अजून भांडणं लागतील!) मला गाठून म्हणाले, "मास्तर, माझो जावय माझ्याच उमेदवाराक मत देतलो. काय ता बोला!"

"देतलंय म्हणजे? दिलंच समजा!"

दुसरं काय बोलणार? पण मनातून मला समोरचा उमेदवार आवडायचा. कट्ट्याच्या बाजारात त्याचं भाषण ऐकताना असा रंगलो, की हातातले बांगडे उन्हानं खराब झाले तरी पत्ता नाही.

त्या वर्षी मतदानाची पद्धत बदललेली. आधी प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, तिच्यावर त्याचं चिन्ह. कागद टाकला की संपलं. आता पेटी एकच, आणि कागदावरच्या चिन्हावर शिक्का मारायचा. गावाला हे शिकवणार कोण? मास्तर!

एक आजी पहिल्याच दिवशी आडवी आली. "गेल्या टायमाक पेट्यो येगळ्यो होत्यो. आता सगळ्यांका एकच? आमचा मत त्येंच्या मतात मिसाळला, तर निवडतलो कोण?"

"आजी, शिक्का बघून निवडतात."

"तांदूळ पण बघानच निवडतंव. तरी खडो रवताच!"

पंधरा दिवस घसा फोडला. एकच शिक्का मारा, बाकी कागदाला बोट लावू नका! दुसरी खूण दिसली की मत बाद! या गावातून एक मत बाद झालं तर मास्तरकी सोडीन, इथपर्यंत बोलून बसलो.

मतदानाचं केंद्र माझ्याच शाळेत. चादरीच्या आडोशामागचं टेबलही माझंच. आजी आत गेली आणि झटक्यात मत देऊन बाहेर आली. मग मी गेलो. चोरासारखं मागे बघितलं आणि मनातल्या उमेदवारावर शिक्का मारला.

आता तुम्हीच सांगा, ज्या टेबलावर पाच वर्षं मुलांच्या दाखल्यांवर शिक्के मारले, तिथे नुसता शिक्का मारून हात थांबेल का? खिशातलं पेन आपोआप बाहेर आलं. शिक्क्याखाली पूर्ण सही, सहीखाली तारीख! शाई वाळावी म्हणून फुंकरसुद्धा मारली. मग घडी घालून कागद पेटीत.

बाहेर भाऊ उभे. छाती काढून म्हणालो, "भाऊ, दिलं हां!"

अर्ध्या वाटेवर ती सही आठवली. तसाच धावत मागे. अधिकाऱ्यांना म्हटलं, "साहेब, माझी एक सही आत राहिली आहे."

"गुरुजी, दिलेलं मत परत मिळत नाही," साहेब म्हणाले.

मोजणीला पक्षातर्फे भाऊच हजर! परत आल्या आल्या त्यांनी मला घरी बोलावून घेतलं.

"मास्तर, आपल्या गावातला एकच मत बाद झाला."

"कुणाचं हो?" बघा माझी हिंमत!

"तसा ता गुप्त असता. पण ह्या मताखाली सही होती. अक्षर मी लगेच वळाखलंय, माका इलेल्या पत्रातला! आणि शिक्को खंय? आमच्या उमेदवाराक सोडून भलतीकडेच!"

मी मान खाली घातली. संपलं सगळं. दाराआड तिच्या बांगड्या वाजल्या, आणि मला रडूच यायचं बाकी राहिलं. इतक्यात भाऊंचे खांदे हलायला लागले. बघतो तर काय, भाऊ पोट धरून हसताहेत!

"गो, चाय हाड जावयाक!" चहासाठी ते आत बघून ओरडले. "माझ्या पोरीक असोच घोव व्हयो. लबाडी करतलो, पण खाली सही करून!"

लग्न झालं. पन्नास वर्षं संसार झाला. पण बायकोपुढे माझी एक तरी थाप पचली असेल तर शपथ!