नानांची शोकसभा

नाना पडद्यावर मरण्यात पटाईत. म्हातारा गेल्याशिवाय कथेला वेग येत नाही असं निर्मात्यांचं मत, आणि म्हातारा म्हटलं की त्यांना नानाच आठवतात. मी नानांची शिष्या. धुळ्याला देवपुरात राहते, कॉलेजात शिकवते आणि नाना गायला बसले की मागे तानपुरा घेऊन बसते. त्यामुळे हा माणूस जिवंतपणी कसा असतो ते मला पक्कं ठाऊक आहे. भयंकर हट्टी असतो.

तरुणपणी गुरूंच्या घरी राहून ते ख्याल शिकले. पोटासाठी नाटकात गेले, तिथून मालिकांत. लोकांनी डोक्यावर घेतलं ते खवट सासऱ्याला. रियाज रोज पहाटे चालूच होता, पण ऐकणार कोण? मैफलीत कुठे आलापीला रंग चढायला लागला की मागून हाक यायची, ‘नाना, तो डायलॉग होऊन जाऊ द्या!’ नाना हसून म्हणून दाखवायचे, टाळ्यांचा कडकडाट व्हायचा. परतीच्या वाटेवर मात्र खिडकीकडे तोंड फिरवून बसायचे. मला त्या हाका मारणाऱ्यांचा असा संताप यायचा, की मांडीवर तानपुरा नसता तर काही खरं नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात जळगावच्या एका कापडवाल्या शेठजींनी त्यांना गायला बोलावलं. घराणं मूळचं राजस्थानचं, माणूस गाण्याचा वेडा. निघायच्या आधी नाना मला म्हणाले, “या वेळी कोणी डायलॉग मागितला, तर तिथेच तानपुरा गवसणीत घालायचा. पुन्हा चारचौघांत गायचं नाही.” हे मी हसण्यावारी नेलं नाही. बोलले की करून दाखवतात, आणि त्यांचं गाणं बंद झालेलं मला सहन होण्यासारखं नव्हतं.

नेमके त्याच आठवड्यात नाना मालिकेत वारले. फार छान वारले. डोळ्यांतून एकच थेंब, तोही बरोबर कॅमेऱ्याच्या बाजूच्या गालावर. आमच्या गल्लीतल्या बायका दोन दिवस हळहळत होत्या.

जळगावला पोहोचलो तर सभागृहाच्या दारात नानांचा भला मोठा बॅनर, आणि त्यावरच्या फोटोला चंदनाचा हार! बॅनरवाल्याने मोबाइलवर शोधून नानांचा सगळ्यात ताजा फोटो घेतला होता. तो निघाला मालिकेतल्या घराच्या भिंतीवरचा, हारासकट. आता असाच बॅनर गावात चौकाचौकांत लागल्यावर लोकांनी काय समजायचं? माणसं पांढऱ्या कपड्यांत येत होती. बायकांच्या हातांत फुलं होती. नाना गाडीतून उतरले तेव्हा पायरीवरचे एक आबा त्यांना पाहून मटकन खालीच बसले.

शेठजी घामाघूम होऊन धावत आले. “नाना, माफ करा. फार मोठी चूक झाली.”

“फोटो चांगला आलाय,” नाना म्हणाले. “पण गर्दी जमवायला मला मरावं लागलं, एवढं लक्षात ठेवा.”

शेठजींनी माइकवरून खुलासा केला. लोक ओशाळले. कोणी फुलं पिशवीत दडवली, कोणी खुर्चीखाली सारली. पण सांत्वनाला म्हणून आलेली माणसं, लगेच उठून जाणं बरं दिसेना. तशीच बसून राहिली. हात जुळवलेले, मोबाइल बंद.

नानांनी पूरिया राग सुरू केला. सुरुवातीला आवाज कापला, वय आता लपत नाही. मग षड्ज सापडला आणि नाना त्यात निवांत शिरले. इतका सावकाश, इतका खोल पूरिया मी त्यांच्याकडून शिकवणीतही ऐकला नव्हता. मी हाक कधी येते याची वाट पाहत जीव मुठीत धरून बसले होते. हाक आली नाही. द्रुत संपलं, तबल्याची शेवटची थाप पडली, आणि सभागृहात काहीच झालं नाही. एकही टाळी नाही.

शोकसभेत कोणी टाळ्या वाजवत नाही. खुलासा ऐकला होता, तरी सवयीने कुणाचे हात उठेनात. हे मला कळत होतं. नाना मात्र नाटकातला माणूस. टाळी नाही म्हणजे पडलं, एवढाच हिशेब त्यांना माहीत. ते मागे वळले. चेहरा उतरला होता. “नाही ना गं जमलं?” हळूच म्हणाले, आणि माझ्या शेजारची गवसणी ओढून घ्यायला त्यांनी हात पुढे केला.

तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या एक आजी बोलल्या. पारोळ्याकडच्या असाव्यात. नाक लाल, डोळे सुजलेले.

“थांबनात काबर, नाना? गानं गावा ना. आम्हले काही घाई नही शे.”

मागे कोणीतरी हुंदका दिला. मग मी नीट पाहिलं, तर निम्मं सभागृह डोळे पुसत होतं. नाना तर धडधाकट समोर बसले होते. हे रडणं गाण्याचं होतं.

नानांनाही ते दिसलं. आणि नाना रडायला लागले. पडद्यावर इतकं देखणं रडणारा हा माणूस खरा रडताना अगदीच वाईट दिसतो. नाक वाहत होतं, तोंड वाकडं झालं होतं, उचकी थांबत नव्हती. मी पदर पुढे केला. त्यांनी त्यात खुशाल नाक शिंकरलं आणि मला दटावलं, “बघत काय बसलीस? तानपुरा छेड.”