रज्जाकचाचांची बिननावाची रेकॉर्ड

रज्जाकचाचा आज सकाळी गेले. त्यांनी एकेकाळी रॉकची रेकॉर्ड काढली होती, हे निम्म्या निमगाव केतकीला अजून माहीत नाही.

गावाला ते माहीत लाऊडस्पीकर दुरुस्तीवाले म्हणून. शेजारी माझं दुकान, म्हणून मला थोडं जास्त माहीत.

तरुणपणी रेडिओ रिपेअरिंग शिकायला पुण्याला गेले आणि दोन मित्रांना घेऊन रेकॉर्ड करून आले. इलेक्ट्रिक गिटार, तिचा आवाज मुद्दाम फाटका. गाणं मराठी, गाणारे चाचा.

काळ सनई आणि भक्तिगीतांचा.

घरचे चिडतील म्हणून रेकॉर्डवर नाव टाकलं नाही. गावोगावच्या स्पीकरवाल्यांना एकेक वाटून टाकली.

त्यांनी लावली. सुई बदलली, परत लावली. मग मशीन सायकलला बांधून दुरुस्तीला आणलं.

कुणाकडे? चाचांकडेच!

"रज्जाकभाई, आवाज फाटतोय बघा."

चाचा धूळ पुसायचे आणि दुसऱ्या दिवशी मशीन परत द्यायचे. "झालं. पर ती रेकॉर्ड लावू नका."

मी एकदा विचारलं, "चाचा, गाणं माझं आहे म्हणून सांगितलं का नाही?"

"आरं, गिऱ्हाईक दुसरीकडं गेलं असतं."

ते हसले. मला काही हसू आलं नाही.

गेल्या महिन्यात बारामतीच्या डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. चाचा म्हणाले, "एकदा ऐकायची हाय." त्यांच्याकडे एकही उरली नव्हती.

चार फोन केले. वरकुटे गावात एका जुन्या स्पीकरवाल्या तात्यांच्या माळ्यावर सापडली. एक-दोनदाच वाजली होती, त्यामुळे कोरी करकरीत. चाचांना गाडीत घालून नेलं.

तात्यांनी लावली. चाचा डोळे मिटून बसले.

तात्यांच्या सूनबाई पिठाच्या हातानं बाहेर आल्या. "भारी हाय की! नवीन आलंय का? कुणाचं हाय?"

"कुणाला म्हाईत," तात्या म्हणाले.

मी चाचांकडे बघत होतो. वाटलं, आताही गप्प बसणार.

"नवीन न्हाय, सूनबाई," चाचा म्हणाले. "माझं हाय."

तात्या बघतच राहिले. सूनबाईंनी गाणं परत लावायला सांगितलं.

त्या दिवशी मला रडू आलं नव्हतं. आज आलं.

चाचा, गाणं खरंच चांगलं होतं. शेवटचा सलाम.