दोन्या एनेरिआची काळी जीभ

असुआ गावच्या बेसबॉल संघाचे कपडे दोन्या एनेरिआ, म्हणजे एनेरिआबाई, बावीस वर्षं धूत होती. बाहेरून आलेल्या संघाचं गाठोडंही तिच्याकडेच यायचं. मैदानात ती फारशी जात नसे. गर्दीत तिला गुदमरायचं, आणि खेळात काय झालं ते दुसऱ्या दिवशी कपडे सांगायचेच.

त्या वर्षी अंतिम मालिकेत समोर मोन्तेक्रिस्ती गावाचा संघ होता. मालिकेच्या चार दिवस आधी तिर्सो न्हाव्याच्या दुकानात गिऱ्हाइकं अर्धवट दाढीनिशी वाद घालत बसली होती. वाद राखीव पिचरांचा, म्हणजे चेंडू फेकणाऱ्यांचा होता. पहिला पिचर दमला की उरलेले डाव ज्यांनी सांभाळायचे, ती माणसं कुणाची बरी? तिर्सोने खडूने फळ्यावर आकडे मांडले होते.

"आपला एकटा रादामेस त्यांच्या तिघांना पुरून उरेल," तो म्हणाला. "शेवटच्या डावात येऊन चौदा सामने वाचवलेत त्याने. त्यांच्या तिघांवर तर त्यांच्याच मॅनेजरचा भरवसा नाही. महिनाभर नुसते बसवून ठेवलेत."

एनेरिआ टॉवेल द्यायला आली होती. तिर्सोने गंमत म्हणून विचारलं, "काय दोन्या, कुणाचे बरे?"

"मोन्तेक्रिस्तीचे," ती म्हणाली आणि टॉवेल मोजायला लागली.

तिर्सोने खडू खाली ठेवला.

"बाई, तुम्ही मीठ कुणाचं खाता?" तिर्सोने विचारलं.

"मीठ तर मोन्तेक्रिस्तीच्या मिठागरांचंच असतं. अठरा टॉवेल. दोन फाटलेत."

कारण तिने सांगितलं नाही. आदल्या आठवड्यातल्या सामन्यांनंतर मोन्तेक्रिस्तीच्या त्या तिघांचे सदरे तिच्या टबात आले होते. पाठ कोरडी, काखा कोरड्या, धूळ फक्त विजारीच्या बुडाला. माणसं ताजीतवानी होती. आपल्या पोरांच्या सदऱ्यांवर मात्र घामाच्या मिठाचे पांढरे नकाशे. आपला मॅनेजर त्यांना रोज उठवून हात गरम करायला लावायचा आणि पुन्हा बसवायचा. पण तेही चाललं असतं. खरी गोष्ट रादामेसच्या सदऱ्याची होती.

पाच आठवडे त्याचा सदरा सगळी बटणं लावलेल्या स्थितीत येत होता. म्हणजे तो डोक्यावरून ओढून काढलेला. उजव्या खांद्यावर तेलाचा डाग आणि कापराचा असा वास, की दोनदा साबण लावूनही जाईना. ज्याला बटण काढायला हात वळत नाही, तो चेंडू कशाने फेकत होता देव जाणे.

दुपारी एनेरिआ धुतलेला सदरा घेऊन त्याच्या खोलीवर गेली. चोवीस वर्षांचा, दाराएवढा उंच गडी उकडलेली केळी डाव्या हाताने खात बसला होता.

"हा घाल बघू," ती म्हणाली.

"आत्ता कशाला, दोन्या?"

"बटणं लावून दाखव."

त्याने सदरा घेतला नाही. ताट बाजूला सारलं. मग म्हणाला, "परदेशी क्लबचा माणूस येतोय मला बघायला. फक्त ही मालिका निघू दे."

"माझा भाऊ फ्रेमिओ, तोही पिचर होता, हेच म्हणाला होता. आता दाढी डाव्या हाताने करतो. हनुवटीवर कापून घेतो रोज."

"कुणाला सांगितलंत?"

"नाही. उद्या सरावाच्या आत तू मॅनेजरला सांगायचंस. नाहीतर मी सांगेन."

"तुम्ही माझ्या कोण लागता, की माझी भाकरी हिसकावताय?" तो ओरडला.

"कुणी नाही," एनेरिआ म्हणाली. सदरा खुर्चीवर ठेवला आणि घरी आली. तिने कॉफी केली ती बिनसाखरेची झाली. तशीच प्यायली.

सकाळी रादामेसने मॅनेजरला सांगितलं. गावाला कळलं ते एवढंच, की त्याला ताप आला आहे.

तीन सामन्यांची मालिका एक-एकवर आली. तिसऱ्या सामन्यात असुआ एका धावेने पुढे होतं. रादामेसच्या जागी नेल्फी नावाचा पिचर उतरला, आणि शेवटच्या डावात त्याने दोन धावा दिल्या. मोन्तेक्रिस्तीच्या कोरड्या पाठीच्या तिघांनी एकही दिली नाही.

तिर्सोने फळा पुसला. "काळी जीभ बाईची," तो येईल त्या गिऱ्हाइकाला सांगू लागला. "बोलली आणि दृष्ट लागली." वर्षभर त्याने टॉवेल दुसरीकडे धुवायला टाकले. ती भट्टी महाग होती आणि टॉवेल कडक करून द्यायची, पण तत्त्वाचा प्रश्न होता. एनेरिआने खुलासा केला नाही. खुलासा तिचा नव्हताच.

राजधानीतल्या डॉक्टरने रादामेसचा खांदा तपासून सांगितलं, आणखी दोन-तीन सामने आणि सगळं तुटलं असतं. आठ महिने चेंडूला हात लावायचा नाही. परदेशी क्लबचा माणूस आला, उसाचा रस प्यायला आणि परत गेला. पुन्हा फिरकला नाही.

नवव्या महिन्यात रादामेस एनेरिआच्या अंगणात आला. तो तिची पाण्याची बादली उचलून टबापाशी ठेवून उभा राहिला.

"त्या दिवशी तुमचा फार राग आला होता," तो म्हणाला.

"यायलाच हवा."

"अजून थोडा आहे."

"असू दे," एनेरिआ म्हणाली. "बस. राजमा-भात तयार आहे."