डाव्या बाजूचा आवाज

उसाची ट्रॉली उलटून माझ्या धाकट्या भावाची मांडी दोन ठिकाणी मोडली. आत सळई घातली आणि डॉक्टरांनी तीन महिने खाट सांगितली. मी राहात्याहून दर रविवारी त्याच्याकडे गावी जात होतो. तिसऱ्या रविवारी तो म्हणाला, "दादा, त्यो खानीचा पिच्चर दाखव की. तू पाह्यलास, माझा ऱ्हायलाच."

त्याने हे सहज म्हटलं. मला मात्र तो दिवस आठवला.

मी सोळा वर्षांचा होतो, तो चौदा. गावात एका पत्र्याच्या शेडमध्ये व्हिडिओ लागायचा. तिथे एक जुना विज्ञानपट आला होता, हिंदीत बोलणारा. परग्रहावर एक खाण असते. खाणीच्या तळाशी एक जीव असतो, तो शेवटपर्यंत दिसत नाही, फक्त बोलतो. त्याचं ऐकून मजूर कुदळी उचलतात आणि एकमेकांची डोकी फोडतात. वडिलांनी मला मक्याला पाणी द्यायला सांगितलं होतं. मी वाफ्यांची दारं मोडायचं सोडून तो सिनेमा बघायला गेलो. भाऊ मागे लागला, त्याला मी ढेकळं मारून परत पाठवलं. त्याने घरी जाऊन सांगितलं.

वडिलांनी मला गोठ्यात कासऱ्याने मारलं. ओल्या दोराचा फटका आधी गार लागतो, मग जळतो. मी मोजत होतो. अकरा झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भावाला पेरूच्या बागेत गाठलं. अकराच द्यायचे, एक कमी नाही की जास्त नाही, असं ठरवूनच गेलो होतो. उघड्या पंजाने मारत होतो. सातवा डाव्या कानावर बसला. तो मटकन खाली बसला, कानातून रक्ताची बारीक धार मानेवर आली. माझा राग तोवर संपला होता. उरलेले चार मी आकडा पुरा करायला मारले.

झाडावरून पडला असं मी घरी सांगितलं. त्यानेही तेच सांगितलं. कान महिनाभर वाहिला आणि मग कायमचा गेला. पुढे माझं लग्न झालं, त्याचं झालं, आमचे वडील वारले. झाडाची गोष्ट तशीच राहिली.

म्हणून तो सिनेमा त्याला नीट, पुरा दाखवायचा असं मी ठरवलं. मी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर काम करतो, दोन गोष्टी शेजारी मांडून तपासल्याशिवाय मला चैन पडत नाही. वहीत रकाने आखले. हिंदीतली जुनी व्हीसीडी सत्त्याण्णव मिनिटांची निघाली, म्हणजे मूळ एकशे नऊमधली बारा मिनिटं गायब. कापलेलं सगळं मारामारीचं होतं. ती बाद. ब्ल्यू-रेचं चित्र सगळ्यांत स्वच्छ, दगडावरची धूळसुद्धा मोजता यावी असं, पण भाषा फक्त इंग्रजी आणि खाली बारीक अक्षरं. खाटेवरून भावाला ती वाचता आली नसती. राहिल्या दोन डीव्हीडी. दोन्ही हिंदीत, दोन्ही पुऱ्या एकशे नऊ मिनिटांच्या. एका जुन्या डीव्हीडीचं चित्र विटलेलं, दोन्ही कडा छाटलेल्या. दुसरी नंतरची, रंग ताजे, आवाज नव्याने केलेला. मी नंतरची घेतली. कोणीही तीच घेतली असती.

प्लेअर त्याच्या टीव्हीला जोडून दिला. उजव्या कानाला जवळून ऐकू यावं म्हणून तो हेडफोन लावतो. पंधरा मिनिटांनी म्हणाला, "ह्यो मानूस येडा हाय का? एकटाच बडबडतोय." मग एका मजुराने कुदळ मित्राच्या कपाळात घातली. भावाने विचारलं, "ह्यानं कशापायी मारला त्याला?"

मी हेडफोन माझ्या कानांना लावला. नव्या जुळणीत त्या जीवाचा आवाज फक्त डावीकडून येत होता. मारण्याचा हुकूम भावाला ऐकूच आला नव्हता. माणसं उगाच एकमेकांना मारतात असं त्याला वाटत होतं. हेडफोन उलटा घालून दिला, तर उजवीकडून बोलणारे मुके झाले. दोन्ही बाजू एक करायची सोय टीव्हीत नव्हती. मी सिनेमा बंद केला.

नगरला जुन्या डिस्क विकणारा एकजण आहे. त्याच्याकडे ती विटकी डीव्हीडी होती. तिच्यात मूळचा एकेरी आवाज आहे, दोन्ही कानांत सारखाच येतो. हा कचरा कशाला नेता, नवी न्या, असं त्याने दोनदा सांगितलं. मी आधी तिथेच एक कान बोटाने बंद करून ऐकलं आणि मगच घेतली.

रविवारी ती लावली तेव्हा भावजय चहा घेऊन आली. "भाऊजी, मागच्या बारीचं चित्र किती झ्याक हुतं. ह्ये काय भुरकट आनलं?"

आवाज बरा आहे, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. मी म्हणालो, "याला ऐकू यावं म्हणून. त्याचा कान झाडावरून पडून गेला नाही. मी मारलं होतं."

"दादा, ऱ्हाऊ दे की," भाऊ म्हणाला.

तिने विचारलं, "किती मारलं?"

"अकरा."

"रगत कितव्याला आलं?"

"सातव्याला."

ती मनात वजाबाकी करत होती, ते तिच्या तोंडावर दिसलं. मग हातातला कप तिने माझ्या डोक्यावरून भिंतीवर फेकला. गरम चहा माझ्या मानेवर आला. आवाज न चढवता ती म्हणाली, "बावीस वरसं मी ह्यांच्या उजव्या अंगानं चालतीय. ह्ये उजव्या कुशीवर झोपले की ह्यांना काय बी ऐकू येत न्हाई, म्हनून दोन्ही पोरांना राती एकटीनं उठून घेतलंय. आन मी त्या पेरूच्या झाडाला शिव्या देत बसले." ती आत गेली आणि बाहेर आली नाही. तुकडे मी गोळा केले.

भावाने हेडफोन लावला. "चालू कर," म्हणाला.

एकशे नऊ मिनिटं तो हलला नाही. कुदळीच्या प्रसंगाला फक्त मान डोलावली. शेवटी खाण ढासळते आणि सगळे गाडले जातात. सिनेमा संपल्यावर हेडफोन काढून मांडीजवळ ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिला.

"सातव्याला रगत दिसलं हुतं का तुला?"

"दिसलं होतं."

"मला वाटायचं, दिसलं नसंल."

त्याने पाय सावरून घेतला, कळ आली तशी डोळे मिटले. मग म्हणाला, "पुढच्या रविवारी येऊ नको. त्याच्या पुढच्याला ये."

मी त्याच्या पुढच्या रविवारी गेलो.