संतोषचं ‘नंतर बघू’

संतोष गेल्याचं मला कंपनीच्या बसमध्ये कळलं. मोशीच्या पुढे बस नेहमीसारखी ट्रकांच्या रांगेत अडकली होती. ग्रुपवर साहेबांचा मेसेज आला की आपला संतोष पहाटे हार्ट अटॅकने गेला, आणि बघता बघता त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली. शेजारच्या सीटवरची अकाउंट्सची बाई म्हणाली, “तुमच्याच डिपार्टमेंटचे ना हो? तुम्ही काहीच टाकलं नाही?” मी मोबाईल पर्समध्ये ठेवला. वाईट वाटलं का, तर वाटलं. पण त्याच्याही आधी राग आला. हा माणूस माझ्या एका प्रश्नाचं उत्तर न देता निघून गेला होता, आणि आता ते दुसऱ्या कुणाकडून मिळणार नव्हतं.

कॅन्टीनमध्ये शोकसभा झाली. दिलदार होता, हाकेला धावायचा, कधी कुणाला दुखावलं नाही... एकेक जण उठून बोलत होता आणि मी खाली फरशीकडे बघत बसले होते. गेलेल्या माणसाबद्दल गोड लिहायचा रिवाज आहे. ते काम बाकीच्यांनी चोख केलं आहे, त्यामुळे मी माझ्या वाट्याचा संतोष लिहिते.

आम्ही दोघं चाकणच्या एका कारखान्यात, गाड्यांचे सुटे भाग बनतात तिथे, कॉम्प्युटर विभागात एकाच आठवड्यात लागलो. ठेकेदाराकडून. म्हणजे काम कंपनीचं, ओळखपत्र ठेकेदाराचं, आणि दर काही महिन्यांनी ‘ब्रेक’ देऊन घरी बसवणार. तो मोशीचा, गावातल्या जुन्या शेतकरी घरातला. शेतं गेली, त्यावर खोल्या उभ्या राहिल्या, त्यात भाडेकरू. मी पिंपरीच्या कामगार वस्तीतली. वडिलांची कंपनी बंद पडल्यापासून घरात पगार माझा एकटीचा. एक दिवस साहेबांनी आम्हाला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, नेटवर्क इंजिनीअरची एक कायमची जागा निघणार आहे, जो आधी सर्टिफिकेशनची परीक्षा पास होईल त्याला ती मिळेल. बाहेर आल्यावर संतोष म्हणाला, “आगं सुजाता, आपुन दोघं मिळूनच अभ्यास करू की. जागंचं नंतर बघू.”

हे ‘नंतर बघू’ मी तेव्हाच ओळखायला हवं होतं.

त्याने कुदळवाडीच्या भंगारातून दोन जुने स्विच आणि एक राउटर उचलून आणला. नेटवर्कमधली ही यंत्रं, सगळ्या कॉम्प्युटरना एकमेकांशी जोडणारी. त्याच्या घरी माडीवरच्या खोलीत ती मांडली. चालू केली की पिठाच्या गिरणीसारखी घरघरायची. सुट्टीच्या दिवशी दुपारी मी जायची. त्याच्या आई भाकरी खाल्ल्याशिवाय उठू द्यायच्या नाहीत, त्यांच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. अभ्यासाची पद्धत पहिल्याच दिवशी ठरून गेली, ती कुणी ठरवली कोण जाणे. पुस्तक मी वाचायचं, डोकं मी चालवायचं, कमांड मी सांगायची. कीबोर्ड त्याच्याकडे. त्याची बोटं झरझर चालायची, पण मी ‘मार’ म्हटल्याशिवाय तो एंटर मारायचा नाही. “तू म्हनल्याबिगर आपुन हात लावत न्हाई,” असं वर हसून सांगायचा. मला तेव्हा तो मान वाटायचा! मी एकदा कीबोर्ड ओढला तर म्हणाला, “राहू दे गं, तुझा येळ जाईल. तू सांग फक्त.”

त्याची एक खोड मोडायचा मी कित्येक महिने प्रयत्न केला. प्रश्न अवघड दिसला की तो सोडून पुढे पळायचा. “ह्याचं नंतर बघू.” आणि ही परीक्षा अशी की पुढच्या प्रश्नावर गेलं की मागचा परत उघडत नाही. शाळेसारखं नाही, की शेवटची दहा मिनिटं राखून ठेवली आणि राहिलेलं भरून काढलं. मी त्याच्यासमोर फूटपट्टी आपटायची. “आत्ता ठरव. चुकलं तरी चालेल, पण ठरवून पुढे जा.” तो कान पकडायचा आणि पुढच्याच पानावर पुन्हा तेच.

दिवाळीनंतर परीक्षा द्यायची असं आमचं ठरलं होतं. दोघांनी एकाच दिवशी, एकाच सेंटरवर. मी नवरात्रात एकदा म्हटलं की मी तयार आहे, उगाच लांबवायचं कशाला. तर म्हणाला, “घाई करू नगंस. तुझं अजून कच्चं हाय.” मी ऐकलं. त्याच्यावर विश्वास होता म्हणून ऐकलं. दसऱ्यानंतरच्या आठवड्यात मी कामावर आले तर डिपार्टमेंटमध्ये केक. साहेब संतोषच्या खांद्यावर हात ठेवून उभे, सगळे टाळ्या वाजवतायत. त्याने हिंजवडीच्या सेंटरवर जाऊन परीक्षा दिली होती आणि पास झाला होता. मला केकचा तुकडा त्यानेच आणून दिला. मी विचारलं, “मला न सांगता का दिलीस?” तो इकडेतिकडे बघत म्हणाला, “सांगतो ना. नंतर बोलू निवांत.”

मी दिवाळीनंतर गेले. एकटी. घड्याळ, कानातलं, रुमाल, सगळं बाहेर काढून घेतलं, फोटो काढला, पुसता येणारी एक पाटी आणि पेन हातात दिलं. लेखी प्रश्न भराभर सुटले. मग स्क्रीनवर स्विच आला, म्हणजे प्रत्यक्ष कमांड टाइप करून जोडणी करायची. मला सगळं माहीत होतं. डोक्यात ओळीच्या ओळी उभ्या होत्या, आणि बोटं कीबोर्डवर एखाद्या पाहुण्यासारखी अवघडून बसली. एक अक्षर शोधायचं, चुकायचं, खोडायचं. त्या एका प्रश्नाने माझा वेळ खाल्ला आणि मी थोडक्यात नापास झाले. बाहेर रस्त्यावर कंपन्यांच्या कॅबचा नुसता कल्लोळ होता. तिथल्या एका टपरीमागे उभी राहून मी रडले. माझं डोकं घेऊन तो पास झाला होता, आणि त्याची बोटं मला मिळाली नव्हती. दुसऱ्या वेळी मी पास झाले, पण जागा केव्हाच त्याची झाली होती. मग दोन वेळा ब्रेक घेऊन, ठेकेदाराच्या मिनतवाऱ्या करून, बऱ्याच उशिरा मी कायम झाले. त्याच्याच हाताखाली.

लोक म्हणतात, त्याचं लग्न ठरत होतं आणि मुलीकडचे परमनंट नोकरीवर अडून बसले होते. असेलही. तसं मला सांगितलं असतं तर मी काय केलं असतं, ते मलाच माहीत नाही. कदाचित भांडले असते. कदाचित ‘जा बाबा, दे तू आधी’ म्हणालेही असते. पण त्याने मला विचारलंच नाही. पुढची सगळी वर्षं आम्ही एका टेबलावर डबे खाल्ले. अधूनमधून मी विषय काढायची आणि तो म्हणायचा, “तू लय इचार करतीस. बघू गं नंतर.” कामात मात्र कधी त्रास दिला नाही. माझी रजा अडवली नाही, साहेबांसमोर माझी चूक कधी काढली नाही. माझं नाव मात्र त्यांच्यासमोर कधी घेतलंही नाही.

दहाव्याला इंद्रायणीच्या घाटावर त्याच्या बायकोने माझा हात धरला. “ताई, ते घरात सारखं म्हनायचे, सुजातानं शिकवलं म्हनून मी हाय.” मी तिच्या पाठीवरून हात फिरवला, दुसरं काय करणार. परतताना रिक्षात मी ते वाक्य पुन्हा पुन्हा म्हणून बघितलं. घरात म्हणायचा! चार भिंतींच्या आत, भाकरी मोडता मोडता. जिथे म्हणायला हवं होतं त्या केबिनचं दार आमच्या टेबलापासून हाकेच्या अंतरावर होतं.

आता शेवटचं. त्याचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मी एकेक यंत्र तपासायला घेतलं. पेंट शॉपकडच्या, म्हणजे रंगकामाच्या विभागातल्या, स्विचमध्ये त्याने जाण्याच्या दोन दिवस आधी बरेच बदल केले होते, आणि ते सेव्ह केलेच नव्हते. स्विचचं असं असतं की तुम्ही केलेला बदल लगेच चालू होतो, पण सेव्ह केला नाही तर वीज असेपर्यंतच टिकतो. यंत्र एकदा बंद झालं की पुसला जातो. म्हणजे पेंट शॉपची सगळी लाइन संतोषच्या एका ‘नंतर बघू’वर चालली होती. मी ते सगळं वरपासून खालपर्यंत वाचलं. खोटं कशाला बोलू, त्यात माझ्यासाठी काहीतरी सापडेल असं मला वाटलं होतं. काही नव्हतं. पोर्टची नावं, आकडे, सगळं बिनचूक आणि सगळं मी शिकवलेल्या क्रमाने.

मी ते लगेच सेव्ह केलं नाही. रोज जाऊन त्या स्विचचा हिरवा दिवा बघून यायची. राहू दे असंच लटकत, मी म्हणायची, कसं वाटतं ते त्यालाही कळू दे. कुणाला कळणार होतं?

परवा खंडेनवमी झाली. यंत्रांची पूजा होते, कारखाना बंद असतो आणि त्या दिवशी मेंटेनन्ससाठी बॅटरीसकट सगळी वीज काढतात. आदल्या दुपारी मी पेंट शॉपकडे गेले. मशिनं पुसून झाली होती, झेंडूच्या माळांची टोपली जिन्यात ठेवलेली होती. लॅपटॉप जोडला आणि सेव्हची कमांड टाइप केली. माझी बोटं आता झरझर चालतात. सेव्ह करायला आले ते त्याला माफ केलं म्हणून नाही, लाइन बंद पडली असती म्हणून. मग हात आपोआप मांडीवर आले, आणि मी मोठ्याने म्हटलं, “मार.”

पंखा घरघरत होता. कर्सर तिथेच लुकलुकत होता... बराच वेळ.

मग एंटर मीच मारलं.